वरातीत चालणार नाही

“हे गाणं तू बघितलंस, का नुसतं ऐकलंस?”

अब्बा क्लॅरिनेटची पत्ती ओठांत भिजवत बसले होते. विचारण्यासाठी त्यांनी ती बाहेर काढली, यावरूनच प्रश्न साधा नाही हे मला कळायला हवं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी ‘माझी आवडती दहा गाणी’ असा लेख लिहिला होता आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तो त्यांना ऐटीत वाचून दाखवत होते. पहिल्या क्रमांकाचं गाणं त्या वर्षी जिकडेतिकडे वाजत होतं. बसलेला माणूस उठावा असा त्याचा ठेका.

“ऐकलं. मोबाइलवर.”

“मग तुला निम्मंच गाणं आवडलंय.”

घरात आम्ही दखनी बोलायचो, पण पिक्चरचा विषय निघाला की अब्बा मराठीवर येत. सगळे पिक्चर त्यांनी केरबाकाकांच्या शेजारी बसून बघितले होते आणि त्यांची ती भाषा त्या बाकड्यावरची होती. केरबाकाका त्यांच्या बँडमध्ये ढोल वाजवत. अब्बा मास्तर. लालासाब मास्तर म्हटलं की पेठेत पत्ता सांगावा लागत नसे.

“वरात दारात आलीया,” अब्बा सांगू लागले, “भाईर हे गाणं चाललंय, आन् आत नवरीनं औषध घेतलंय. भाईर कुणालाच ठावं न्हाय. ती जशी गप होत जाती, तसा ठेका वाढत जातोय. ज्यानं केलंय त्यानं लई डोकं लावून केलंय. गाणं झकास हाय. पण वरातीत न्हाय चालायचं.”

“सुराला काय माहीत, अब्बा, आत काय झालंय ते?”

“सुराला न्हाय. मला ठावं हाय की.”

नवा पिक्चर लागला की अब्बा तो तीनदा बघत. एकदा गोष्टीसाठी, एकदा गाण्यांसाठी आणि एकदा मधल्या तुकड्यांसाठी, म्हणजे दोन कडव्यांच्या मध्ये जे वाजतं आणि लोक ऐकत नाहीत, त्यासाठी. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून बसत. एकदा डोअरकीपरनं झोपलेत समजून हलवलं, तेव्हा केरबाकाका म्हणाले, “झोपला न्हाय ओ त्यो, लिव्हतोय.” घरी आल्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर सरगम उतरायची आणि तिथून वहीत जायची. वहीच्या पानावर डाव्या अंगाला सूर, आणि उजवीकडे गाणं पिक्चरमध्ये कुठं येतं ते. ‘गाडी चुकते तिथं.’ ‘बाप माफ करतो तिथं, पाठवणीला उत्तम.’ ‘दारूच्या नशेत, जेवणावेळी नको.’ त्या वर्षीच्या पानावर पहिल्याच ओळीत होतं, ‘वरातीत चालणार नाही.’ पुढे मी सिनेमावरची आणि संगीतावरची बरीच पुस्तकं वाचली. उजवीकडचा तो रकाना कुणी आखलेला मला दिसला नाही.

महिनाभरात माझ्या वर्गातल्या तेजस्वीचं लग्न ठरलं. उचगावातला हॉल, आणि बँड अब्बांचा. मी हॉलच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर उभी होते. वरात फाटकापाशी आली आणि नवऱ्याचा मित्र, यशराज नावाचा उंच मुलगा, गर्दीतून पुढं घुसला.

“मास्तर, ते गाणं लावा की!”

“लावायला काय डबा हाय व्हय पावणं? आमच्यात वाजवत्यात.”

पोरं हसली. अब्बांनी दुसरं गाणं धरलं. पोरं नाचली, पण कडवं संपताच पुन्हा तीच मागणी. अब्बांनी तिसरं धरलं. मग मुलं नाचायची थांबली आणि रस्त्यातच बसली.

“ते गाणं न्हाय तर वरात न्हाय!”

“बाबांनो, त्यात नवरी मरती,” अब्बा म्हणाले.

“पिक्चर कोण बघतंय ओ? ठेका बघा, ठेका!”

तेजस्वीचे चुलते विजयसिंह फाटकातून लगबगीनं आले. बँड त्यांनीच ठरवला होता. “मास्तर, मुहूर्त चाललाय. पावण्यांचं मन मोडू नका. वाजवा आन् मोकळं व्हा.”

“दुसरं कुठलंबी सांगा, साहेब. सांगाल ते वाजवतो. पोरगी आत नटून बसलीया. तिच्या दारात ह्यो सूर माझ्यानं धरवायचा न्हाय.”

“म्हंजे तुम्ही आम्हाला शिकवणार?”

“न्हाय जी. मी फकस्त माझं सांगतोय.” मग अब्बा मागं वळले. ट्रंपेटवर आरिफ होता, पंचवीस-सव्वीसचा, लग्न होऊन वर्ष झालेला. “आरिफ, तुला येतंय हे. तुला वाजवायचं असंल तर वाजव. माझी आडकाठी न्हाय.”

सगळा बँड आरिफकडे बघू लागला. त्यानं एकदा विजयसिंहांकडे पाहिलं, एकदा अब्बांकडे. मग ट्रंपेट ओठांना लावली. केरबाकाकांनी क्षणभर उशिरा ढोल उचलला.

मुलं उसळून उठली. अब्बा निघून गेले नाहीत. क्लॅरिनेट काखेत धरून ते आपल्या नेहमीच्या जागेवर, रांगेच्या पुढं, हॉलच्या दारापर्यंत चालत आले. गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा वर घेतली.

“मास्तर दमलं वाटतं,” शेजारची मैत्रीण म्हणाली.

“दमले नाहीत. ते माझे वडील आहेत,” मी म्हणाले. उत्तर तिच्या बोलण्याला धरून नव्हतं, पण त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारलं, “तेजस्वीचं काही वाईट होईल असं वाटलं का तुम्हाला?”

“छ्या! ती मजेत ऱ्हाईल. तिचा काय संबंध? ते गाणं धरलं की मला आतली पोरगी दिसती. दिसत असताना वाजवायचं कसं, ते मला येत न्हाय.”

“आणि आरिफ?”

अब्बांचा चेहरा उजळला. “काय वाजवलं गं त्यानं! मधला तुकडासुदीक सोडला न्हाय.”

तेजस्वी खरोखरच मजेत आहे. राजारामपुरीत राहते, दोन मुलं आहेत. त्या वरातीच्या वेळी आपण आत खिडकीपाशी नाचलो होतो, असं अजून सांगते. मी मात्र अब्बांशी बोलले त्याच दिवशी कॉलेजात जाऊन लेखातलं पहिलं गाणं काढून टाकलं. पिक्चर न बघता लिहिलं होतं, एवढंच कारण. शीर्षक बदलायचं राहिलं. ‘माझी आवडती दहा गाणी’ या नावाखाली नऊच छापून आली. अब्बांनी ती मोजली.

मास्तर आडमुठा आहे, ही गोष्ट विजयसिंहांनी चारचौघांत सांगितली. पुढच्या हंगामात सुपारी द्यायला येणारे लोक आधी विचारू लागले, “पुढं आरिफ असणार न्हवं?” त्या हंगामाच्या शेवटी अब्बांनी मास्तरकीची लाल टोपी स्वतःच्या हातानं आरिफच्या डोक्यावर ठेवली आणि ते दुसऱ्या रांगेत गेले. तिथं ते नऊ वर्षं उभे राहिले. कुणी विचारलं तर सांगत, “मागनं बँड लई चांगला ऐकू येतोय. आधीच यायला पायजे होतं.”

यंदा मार्चमध्ये, सकाळी चहा पिताना अब्बा गेले. कप खाली ठेवला होता, सांडला नव्हता.

आरिफ पहिला आला. उचगावात त्या दिवशी लग्न होतं, ते दुसऱ्या बँडला देऊन आला होता. बाहेरच्या खोलीत माणसं जमत होती. तो मला दाराच्या कडेला बोलावून म्हणाला, “ताई, मास्तरांना एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”

“काय?”

“त्या लग्नानंतर मी मोबाइलवर पिक्चर बघितला. गाणं आलं तसा त्यो पालथा घातला. तवापासनं कुणीबी मागितलं की सांगतो, आमच्या बँडला ते येत न्हाय. लोक हसत्यात. कसला रं तुझा बँड, म्हणत्यात. मास्तर मागंच उभं असायचं, पर कधी इचारलं न्हाय. त्यांना कळलं असंल का ओ?”

“कळलं होतं,” मी म्हणाले. “एकदा घरी येऊन सांगत होते, ‘अख्ख्या जिल्ह्यात आरिफसारखं ते गाणं कुणाला येत न्हाय. आन् त्यो लोकांना सांगतोय, येत न्हाय म्हणून!’ त्या दिवशी खुशीत दोनदा चहा घेतला त्यांनी.”

आरिफनं बाहीनं तोंड पुसलं आणि तो खांदा द्यायला गेला.

दुपारच्या नमाजेआधी जनाजा उचलला. आम्ही बायका घरातच थांबलो. मी खिडकीत उभी राहिले. बँडची बारा माणसं साध्या शर्टांत आली होती. त्यांतल्या निम्म्यांना मी गणवेशाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. कुणाच्या हातात काही नव्हतं, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. केरबाकाकांनी पुढचा डावा खांदा घेतला. नातेवाईक आणि शेजारी जमेल तसे चालू लागले, कुणी पुढं, कुणी मागं. बँडवाले जनाज्याच्या मागून निघाले. कुणी काही सांगितलं नाही, कुणी ठेका दिला नाही. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची डावी पावलं एकदम पडत होती, मग उजवी.