खडकावरचे आकडे

"फोटोत माणसं नकोत, फक्त पाणी. आणि काळ्या खडकावरचे आकडे वाचता आले पाहिजेत." आदल्या रात्री सासरे मला हे दोनदा म्हणाले होते.

ते आकडे त्यांनीच रंगवलेले. एकतीस वर्षं ते दरीत उतरून नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं ते मोजायचे. आता त्यांना जिनाही उतरवत नाही. डावा डोळा गेलाच आहे, उजव्यानं फार तर महिनाभर दिसेल असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं होतं, "आणते, बाबा."

धाकट्या दिरांची फोटो काढणारी मंडळी त्या दरीकडे पायी निघाली, म्हणून मीही निघाले. दिरांच्या कॅमेऱ्याला स्वतंत्र पाठपिशवी लागते. ती माझ्या पाठीवर. कड्यावर पोचल्यावर त्यांनी माझ्या एका हातात छत्री दिली, कॅमेऱ्याला ऊन लागू नये म्हणून. दुसऱ्या हातात ट्रायपॉडचा डुगडुगता पाय. खाली नदीनं असं वळण घेतलं होतं की मनात आपोआप देवाचं नाव आलं. मंडळी लेन्सची नावं घेत होती.

"वहिनी, बाबांना काय हवंय म्हणालात? तुमचा मोबाइल राहू द्या, मी काढतो."

दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. नऊ वर्षांत ते मोडलेलं नाही. हात अडकलेले, म्हणून मी हनुवटीनं खडक दाखवला.

दिरांनी निरखून पाहिलं. "कळलं. मलाही तेच खटकत होतं."

मला वाटलं, कळलं.

संध्याकाळी त्यांनी फोटो टीव्हीवर लावला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, उजव्या डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ पाहत राहिले.

"छान आहे. कुठली नदी?"

"बाबा, तुमचीच की."

"मग आकडे कुठायत?"

"ते होय. काढून टाकले फोटोतून. खडकावर कुणीतरी रंग फासलेला, डोळ्यांत खुपत होता. वहिनींनीच दाखवला. तारही काढली, दोन कावळे काढले. स्पर्धेला 'अस्सल निसर्ग' हवाय ना."

"मूळचा फोटो?"

"ठेवत नाही मी. उगाच जागा खातात."

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "किती स्वच्छ वाटतंय, नाही का, मामंजी?"

"वाटतंय," बाबा म्हणाले. "घासून पुसून काढल्यासारखं." त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं आणि डबीत ठेवून दिलं.

माझा नेम शाबूत राहिला होता. शब्द तेवढा गेला. त्या रात्री देवापुढे बसले, पण त्याच्या तोंडाकडे बघवेना.

सकाळी पूजा आटोपली, मोबाइल चार्जिंगवरून काढला, पाण्याची बाटली भरली. दारात दीर आडवे आले.

"वहिनी, इतक्या लवकर कुठे? फोटोबिटो काढायचा असेल तर मला सांगायचं ना."

बारा वाजायला अजून पाच तास होते. मी त्यांच्याकडे बघून हसले, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि बाबांची झोप मोडू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.