एक दिवस आधीचा गोविंदा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. नरकासुराची आहे. पुराणातल्याने सोळा हजार जणी कोंडल्या होत्या, आपल्या गोष्टीत एकच आहे. पण देवाला धावायला एकही पुरते.

भांडुपच्या टेकडीवर एक बैठी चाळ. समोरासमोर खोल्या, मधे दोन माणसं कशीबशी जातील एवढी गल्ली. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. तिथे प्रांजल भाड्याने राहायची. कुडाळकडची पोर, कॉलेजचं दुसरं वर्ष. दिवाळी सरताच केटीचा पेपर, राहिलेल्या विषयाचा, म्हणून गावी जाणं बुडालं. सोबतीण मानसी बॅग भरून गेली आणि खोली एकदम खायला उठली. पोरगी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावायची, मॅगी खायची, आईचा व्हिडिओ कॉल आला की घाईघाईने पणती लावून हसून दाखवायची.

आईने बसवाल्याबरोबर कारीट धाडलं होतं. चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडतात ते कडू फळ, म्हणजेच नरकासुर. "बाय, एकटी आसलंस तरी फोड गो," आई म्हणाली होती. "आणि गोविंदा मोठ्यान म्हण. एकान म्हटल्यान काय सगळी वाडी उठता."

भिंतीपलीकडे गुणाजी राहायचा. नाहूरच्या एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन. त्याची बायको कुंदा. त्या भिंतीतून काय काय ऐकू यायचं ते सगळ्या चाळीला पाठ होतं. शेजारची रेवतीमावशी तर त्या वेळी टीव्हीच मोठा करायची.

वसुबारसेला कुंदाने दारातून डबा आत सरकवला. "एकटी आहेस ना गं? भाजणीच्या चकल्या आहेत. डबा लगेच दे हां, ह्यांना कळायला नको."

प्रांजलने चकल्या खाल्ल्या, अभ्यासाला बसली, आणि डबा द्यायचा राहिला.

धनत्रयोदशीच्या पहाटे गुणाजी ड्युटीवरून आला. पिऊनच आला.

"स्टीलचा डबा कुठाय?"

"अहो, घासायला..."

थोबाडीत बसली. मग मांडणीवरची भांडी कोसळली. प्रांजल अंथरुणात ताठ उठून बसली.

"माझ्या तेलात तळून गावाला वाटतेस? कुणाला दिलास? बोल ना, भवाने!"

कुंदा नाव घेईना. त्याने चकल्यांचा पितळी सोऱ्या उचलला. पहिला घाव भिंतीवर आला. दुसऱ्याचा आवाज ना भिंतीचा होता, ना पितळेचा. त्यानंतर कुंदाच्या तोंडून जे निघालं, त्याला किंकाळीही म्हणवेना.

प्रांजल डबा घेऊन बाहेर धावली. गुणाजीने बायकोला वेणीला धरून गल्लीत ओढलं होतं आणि तो तिचं डोकं उंबऱ्यावर आपटत होता. कानातून रक्त निघून मानेवर, मानेवरून लादीवर आलं होतं.

"काका, हा घ्या डबा! माझ्याकडेच होता! सोडा तिला!"

"तू होय? भिकारडे!" त्याने तोच सोऱ्या फिरवला. तिचा ओठ फाटला, दात हलला, डबा घरंगळत गटारात गेला. "आत हो! घरचा मामला आहे!"

"अनंतकाका! रेवतीमावशी! या हो कुणीतरी, मारून टाकेल तिला!"

समोरच्या अनंतकाकांच्या खिडकीत दिवा लागला. आणि विझला. आणखी एका दाराची आतली कडी सरकली. गुणाजी हसला आणि पुन्हा वेणी मनगटाला गुंडाळू लागला.

प्रांजलच्या तोंडात रक्त साचलं होतं. समोर पत्र्याच्या डब्यातली तुळस, तिच्या बुंध्याशी तिने ठेवलेलं आईचं कारीट. चावदिवस उद्याचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने डावा पाय उचलला आणि सगळ्या अंगाचं बळ लावून ते चिरडलं. रस तिच्या पोटरीपर्यंत उडाला.

"गोविंदाऽऽ! गोविंदा! गोविंदाऽऽ!"

मग टेकडीच्या वरच्या अंगाने कुणी झोपेत ओ दिली, "गोविंदाऽऽ!" आणि गल्लीतली दारं धडाधड उघडली. चावदिवसाला उजाडण्याआधी आंघोळ चुकली तर नरक ठरलेला! अनंतकाका पंच्यावर, छातीला तेल चोपडत बाहेर आले. "अगो, आज? उद्या ना? आधी हाक तरी मारायची!" मागून आंघोळीचा पाट काखोटीला मारून रेवतीमावशी. "वाट लागली, माझं उटणं अजून..."

आणि सगळे जागच्या जागी थबकले. बंद दाराआड ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं हो. पायाशी रक्त वाहत आलं की काय करायचं?

गुणाजीने सर्वांदेखत सोऱ्या पुन्हा उगारला. अनंतकाका मधे घुसले, हात वर केला आणि घाव मनगटावर घेतला. हाड मोडलं ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या तेलकट हाताने त्यांनी त्याची कॉलर धरली ती सोडली नाही. रेवतीमावशीने पाट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या नडगीवर घातला. तो गुडघ्यावर आला, तशी गल्ली त्याच्यावर कोसळली. पोलीस येईस्तोवर वाळत घालायच्या दोरीने बांधून तुळशीपुढे बसवला होता, चिरडलेल्या कारिटातच.

रिक्षात कुंदाचं डोकं प्रांजलच्या मांडीवर होतं. "डब्याचं झाकण..." ती पुटपुटली, "झाकण घरीच राहिलं गं."

दुसऱ्या दिवशी खरा चावदिवस. प्रांजलकडे फोडायला कारीट उरलं नव्हतं. टाके घातलेल्या ओठाने ती वॉर्डात कुंदाला पेज भरवत होती. हाताला प्लास्टर घालून अनंतकाका आले, खाटेच्या पायगतीशी उभे राहिले.

"पहिल्या हाकेला मी दिवा मालवला, पोरी."

"माहितीय काका," ती म्हणाली. "मी बघत होते." मग तिनेच स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पेज निवतेय."

कुंदा जगली. मुलुंडला भावाकडे असते. डाव्या कानाने मात्र तिला काहीच ऐकू येत नाही.

तेव्हा मायबाप, एवढं करा. यंदा कारीट फोडाल ना, त्या वेळी कुंदाची आठवण ठेवा, आणि गोविंदा जरा मोठ्याने म्हणा.