चोविसावी पट्टी

“माझं व्हायोलिन पार दबलंय हो,” म्हातारा व्हायोलिनवाला कुरकुरला. “जरा वर घ्या ना.”

“तुम्हीच घ्या,” स्टुडिओतले मिक्सरकाका मधाळ आवाजात म्हणाले आणि त्यांनी चोविसाव्या पट्टीकडे बोट दाखवलं.

आवाज कमी-जास्त करायच्या चोवीस सरकपट्ट्यांपैकी ती शेवटची कशालाच जोडलेली नव्हती. अठ्ठावीस वर्षं काकांनी तिच्या जोरावर भल्याभल्यांची बोळवण केली होती. गायिकेचा नवरा, निर्मात्याचा मेहुणा, जो तो येऊन नाक खुपसायचा, ती पट्टी सरकवायचा आणि खूश होऊन जायचा. म्हाताऱ्यानेही ती बोटभर वर ढकलली, डोळे मिटून ऐकलं, “आता कसं भरलं” म्हणाला आणि समाधानाने घरी गेला.

काकांना मात्र आज स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा बोलला त्यात खोटं काय होतं? दुसऱ्या कडव्यात व्हायोलिन खरंच दबलं होतं, आणि त्याचे थरथरते हात पाहता हे बहुधा त्याचं शेवटचंच गाणं. काकांनी खरी पट्टी धरली. गायक थांबला की व्हायोलिन केसभर वर, तो परतला की पुन्हा खाली. दुपारभर तेच. शेवटी असं काही जमून आलं की ते स्वतःवरच खूश झाले आणि पाणी प्यायला बाहेर आले.

बाहेर रिसेप्शनवरच्या बाईंच्या मोबाइलवर तेच गाणं वाजत होतं.

“कालच आलंय, काका. छान झालंय ना?”

काकांनी मोबाइल कानाला लावला. सगळं एका पातळीवर, नुसता गोंगाट. व्हायोलिन औषधालाही नव्हतं.

त्यांचा चेहरा पाहून बाई ओशाळल्या. मग त्यांनी सांगूनच टाकलं. वर्ष झालं, गाण्यांचं मिक्सिंग बाहेरच्या बाहेर उरकतात. जुने मालक जाताना लेकीला बजावून गेले होते, काकांची खुर्ची हलवायची नाही.

काकांना संताप आला, पण काढायचा कुणावर? ते आत येऊन बसले. थोड्या वेळाने मालकांची लेक दारातून डोकावली.

“दुसऱ्या कडव्यात व्हायोलिन थोडं वर घेऊ का?” काकांनी विचारलं.

“तुम्हाला वाटेल तसं घ्या, काका.”

तो मधाळ आवाज त्यांनी लगेच ओळखला. अठ्ठावीस वर्षं तो त्यांचाच होता.

ती गेली. चोविसावी पट्टी म्हाताऱ्याने ठेवली होती तशीच बोटभर वर होती. काकांनी ती शेवटपर्यंत ढकलली आणि डोळे मिटून ऐकत बसले.

“आता कसं भरलं,” ते म्हणाले.