घरी कुणी उघडलं होतं का?

घड्याळकाकांच्या घरात एक कायदा होता. कपडे धुण्याच्या मशीनला अनवाणी पायांनी हात लावायचा नाही. मागच्या मोरीच्या उंबऱ्याशी निळ्या रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असायचा. आधी चपला, मग मशीन. काकू अकरा वर्षं तशाच कपडे धुवत आल्या होत्या आणि एवढ्या वर्षांत तीन जोड झिजवून आता चौथा चालू होता.

पाहुणे आले की काकू त्यांना घर दाखवता दाखवता सहज सांगायच्या, "टॉवेल कपाटात आहेत, गरम पाणी डावीकडच्या नळाला, आणि मशीनपाशी गेलात तर चपला घाला हं. ते जरा गुदगुल्या करतं." पाहुणे हसायचे. काकूही हसायच्या. आता तुम्हीच सांगा, गुदगुल्या करून घ्यायला कुणी मशीन विकत आणतं का? पण माणसाचं हे असंच. एखादी गोष्ट रोजची झाली की तिची भीती तर राहत नाहीच, वर तिचे लाड सुरू होतात.

या गुदगुल्यांचं मूळ म्हणजे खुद्द काका. पस्तीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळं दुरुस्त केलेली. डोळ्यांना धड दिसणार नाहीत असले स्क्रू चिमट्यानं बसवणारा माणूस तो, घरातल्या चार वायरींना काय भीक घालणार? मिक्सर, इस्त्री, पंखा, दारावरची घंटा, सगळं काकांनी एकेकदा उघडून पुन्हा बंद केलेलं होतं. त्यातलं बरंचसं चालायचंही, उगाच खोटं कशाला बोला.

मशीन नवीन आलं तेव्हा त्याची वायर बोर्डापर्यंत पोचेना. काकांनी ती सरळ कापली, मधे घरात पडलेल्या दुसऱ्या वायरीचा तुकडा जोडला आणि वर टेप गुंडाळली. मशीनच्या वायरीत तारा निघाल्या तीन, घरातल्या वायरीत होत्या दोनच. तिसरी, हिरवी, काकांनी छाटून टाकली. ती नसतानाही मशीन झकास फिरलं. मग ती हवी कशाला? काकांच्या मते विषय संपला.

आणि हेच काका दुकानात कसे होते, ते गल्लीला विचारा. गिऱ्हाइकानं घड्याळ काउंटरवर ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "घरी कुणी उघडलं होतं का?" गिऱ्हाईक म्हणणार, "छे छे, आपोआप बंद पडलं." काका भिंगातून बघणार, तर स्क्रूच्या खाचेवर सुरीच्या टोकाचे ओरखडे. मग त्यांचा पारा जो चढायचा! "आपोआप? घड्याळानं स्वतःच सुरी हातात घेतली वाटतं?" गिऱ्हाइकाला पळता भुई थोडी व्हायची.

तर एका सकाळी लेकीचा फोन आला. ती नातीला घेऊन सहा आठवडे राहायला येणार होती. नात दहा महिन्यांची, गुबगुबीत, म्हणून सगळे तिला ढब्बूच म्हणायचे. लेकीचं घर फार लांब, त्यामुळे काकांनी नातीला एकदाच काय ते मांडीवर घेतलेलं, तेही ती तान्ही असताना. फोनवर त्यांचा आनंद पोटात मावेना. पण लेक बापाला चांगली ओळखून होती.

"बाबा, ते मशीन अजून गुदगुल्या करतं का?"

"कसल्या गुदगुल्या?"

"बाबा!"

"नाही गं. केव्हाच बंद झाल्या."

"नक्की ना? ढब्बू रांगायला लागलीये. दिसेल त्याला हात लावते. तसं काही असेल तर मी येणार नाही, आत्ताच सांगते."

"अगं, नाही म्हटलं ना! तू ये."

फोन ठेवून काका मागे वळतात तो दारात काकू उभ्या. हात कमरेवर, पायात निळ्या चपला.

"बंद झाल्या?" काकूंनी विचारलं.

"होतील. आठ दिवस आहेत अजून."

"त्या वायरवाल्या ताईंना बोलवा. पलीकडच्या शिंपिणीचं सगळं घर त्यांनी नीट करून दिलं. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय मी, दोन वर्षं झाली."

"त्यांना कशाला? मी काय मेलोय?"

"मरू नये कुणी, म्हणूनच म्हणतेय!"

काका फुरंगटून बाहेर गेले. राग काकूंचा नव्हता. दुसऱ्या कारागिराला घरात आणायचं म्हणजे आपल्या हातचं काम त्याच्यासमोर उघडं करायचं, आणि ते काम कसं झालंय, हे मनातल्या मनात काकांना ठाऊक होतं. तेवढं एक त्यांना सहन होणार नव्हतं.

मग काय, सुरू झाले प्रयोग. जुनी टेप काढली, नवी गुंडाळली. अनवाणी उभं राहून बोटाची मागची बाजू मशीनला टेकवली. झिण्ण! मशीनखाली रबराची चटई घातली. पुन्हा बोट. पुन्हा झिण्ण! चटई मशीनखाली आणि माणूस फरशीवर, तर दुसरं काय होणार? सहाव्या दिवशी काकांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि ते बाजारात गेले.

"दहा महिन्यांच्या मुलीसाठी रबरी चपला दाखवा," ते दुकानदाराला म्हणाले.

"काका, या वयात मुलं चालत नाहीत."

"माहितीये मला."

"मग चपला कशाला?"

"तुम्हाला विकायच्यात की चौकशा करायच्यात?"

चौथ्या दुकानात मिळाल्या एकदाच्या. पिवळ्याधमक, टाचेमागे पट्टा असलेल्या, काकांच्या अर्ध्या तळहातात मावतील एवढ्या. गड जिंकल्यासारखे ते घरी आले आणि चपला त्यांनी काकूंसमोर ठेवल्या. काकूंनी एक चप्पल उचलून उलटसुलट बघितली.

"दहा महिन्यांच्या पोरीकडून धुणं धुवून घेणार आहात का?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

लेक आली, ढब्बू आली आणि घर नुसतं भरून गेलं. ढब्बूनं आल्याआल्या आजोबांचा चष्मा ओढला, आजीच्या बांगडीचा चावा घेतला आणि पिवळ्या चपला पायात घालताच त्यातली एक काढून तोंडात घातली. काकांनी ती पुन्हा घातली, पट्टा घट्ट केला. लेक म्हणाली, "बाबा, घरात कशाला चपला?" काका म्हणाले, "फरशी गार असते गं." आजोबांचं कौतुक म्हणून लेकीनं सोडून दिलं. तिच्या त्या समजुतीच्या हसण्यानं काकांना आपलं खोटं टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आंघोळीला गेली होती. काकू गच्चीत कपडे वाळत घालत होत्या, आणि दुसरा घाणा मशीनमध्ये घरघरत होता. ढब्बूवर लक्ष ठेवायचं काम काकांचं. काकांनीही काय करावं? तिच्यामागोमाग स्वतःच रांगायला लागले! गुडघे कुरकुरत होते, पण गडी खूश. ढब्बू मागे वळून बघायची, खिदळायची, पुन्हा पुढे सुटायची. बैठकीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या मोरीकडे. मशीनची घरघर तिला हवी होती.

"थांब गं, थांब," काका हसत हसत म्हणत होते. घाई नव्हती त्यांना. चपला होत्या ना पायात.

ढब्बूनं उंबरा ओलांडला, आणि मागून रांगणाऱ्या काकांना त्या चपला अगदी डोळ्यांसमोर दिसल्या. दोन पिवळे तळवे. छताकडे बघणारे. फरशीला त्यांचा स्पर्शसुद्धा होत नव्हता. ओल्या फरशीवर होते ते दोन उघडे गुडघे आणि एक उघडा तळहात. दुसरा तळहात मशीनच्या दिशेनं वर उचललेला.

या वयात काकांनी अशी झेप कशी घेतली, ते त्यांचं त्यांना माहीत. ढब्बूच्या पोटाला विळखा घालून त्यांनी तिला मागे ओढलं, तेव्हा तिचा हात मशीनपासून वीतभर लांब होता. ढब्बूला वाटलं, खेळच आहे. ती खदाखदा हसत सुटली. काका तिला छातीशी घट्ट धरून स्वयंपाकघरात फरशीवरच बसले.

लेक ओल्या केसांनी बाहेर आली. "काय झालं, बाबा?"

"मी तुला खोटं सांगितलं," काका म्हणाले. "ते मशीन अजून शॉक देतं."

गुदगुल्या हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. त्या घरात शॉक हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला.

लेकीनं ढब्बूला त्यांच्या मांडीवरून उचललं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी बॅग भरते," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. काका उठले, बोर्डावरचा मेन स्विच पाडला, फ्रिजपाशी गेले आणि तिथला नंबर स्वतःच्या हातानं फिरवला.

वायरवाल्या ताई तासाभरात आल्या. चाळिशीच्या, खांद्यावर बॅग, पायात जाड तळव्यांचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. मोरीत जाऊन त्यांनी मशीनकडे बघितलं, मग त्या टेपेच्या गाठोड्याकडे. मग सगळ्यांकडे वळून त्यांनी अगदी सहज विचारलं, "घरी कुणी उघडलं होतं का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. लेक बॅगेचा पट्टा हातात धरून दारात उभी होती.

'छे छे, आपोआप,' हे शब्द काकांच्या अगदी ओठांवर आले होते. पस्तीस वर्षं ज्यांना फाडून खाल्लं, ती सगळी गिऱ्हाइकं असं का म्हणायची, ते त्यांना त्या क्षणी कळलं. लाज वाटायची बिचाऱ्यांना, दुसरं काय!

"मी उघडलं," काका म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी. मधला जोड माझा आहे. हिरवी तार मीच छाटली."

ताईंनी भुवया उंचावल्या. "असं सांगणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं."

"मला तर कधीच भेटलं नाही," काका म्हणाले.

ताईंनी मशीन पुढे ओढून आडवं केलं. आतली एक वायर पत्र्याला घासून घासून सोलली गेली होती. त्यांनी ती काकांना दाखवली. "वीज इथून पत्र्यात उतरते. ती परत जाण्याची वाट म्हणजे हिरवी तार. ती जागेवर असती तर त्याच दिवशी फ्यूज उडाला असता आणि तुम्हाला कळलं असतं. तुम्ही ती वाट काढून टाकलीत. मग जो हात लावेल त्याच्यातून ती जायला बघते. रबरामुळे काकू वाचल्या. एखाद्या दिवशी ओला हात नळाला लागला असता, तर चपलांचा काही उपयोग नव्हता."

काका वाकून त्या सोललेल्या वायरीकडे बघू लागले.

"काका, घड्याळ दुरुस्त करून झालं आणि एक चाक हातात उरलं, तर काय करायचात?"

"चूक झाली समजायचो. पुन्हा उघडायचो."

"मग ही तार उरली तेव्हा?"

ताईंचा आवाज मात्र टोचरा नव्हता. "बल्ब बदला, बॅटरीचं घड्याळ उघडा, कोण अडवतंय? पण अंगाला झिणझिण्या आल्या, जळका वास आला, स्विच गरम लागला, की हात खिशात घालायचा आणि मला फोन. माझं घड्याळ बंद पडलं तर मी उघडणार नाही, शब्द देते."

दोन तास काम चाललं. सोललेली वायर बदलली, बोर्डापासून मशीनपर्यंत तीन तारांची अखंड वायर आली, आणि विजेची गळती झाली की क्षणात पडणारा नवा स्विच मेन बोर्डात बसला. ताईंनी त्याचं बटण दाबून बघितलं. खट्‌! स्विच पडला. पुन्हा चढवला, मीटर लावला, सगळीकडे मोजून बघितलं. मग म्हणाल्या, "काकू, काढा आता त्या चपला."

काकूंनी आधी एक चप्पल काढली, मग दुसरी. ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी मशीनवर पूर्ण तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "किती गार आहे ही फरशी." आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकांना ते बघवेना. "एवढी वर्षं तू बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. तुम्ही म्हणायचात, चपला घाल."

दारातल्या लेकीनं बॅग खाली ठेवली. ढब्बूला तिनं फरशीवर सोडलं, पायातल्या पिवळ्या चपला काढून घेतल्या आणि बापाच्या हातात दिल्या. "ठेवा जपून," ती म्हणाली. "चालायला लागली की लागतील." काकांनी त्या सदऱ्याच्या खिशात घातल्या. त्यांना फार, फार हलकं वाटत होतं.

ताई बॅग आवरत होत्या. "चला, येते मी. अजून काही?"

काकांनी एकदा पंख्याकडे बघितलं. एकदा इस्त्रीकडे. घसा खाकरला.

"मिक्सर," ते म्हणाले. "इस्त्री. हा पंखा. आणि दारावरची घंटा. सगळं मीच उघडलंय."

ताईंनी बॅग पुन्हा खाली ठेवली आणि काकू चहा टाकायला आत गेल्या, अनवाणीच.