हत्थाजोडी

शेवंतीबाईंच्या देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी, चांदीच्या डबीत शेंदूर माखलेली हत्थाजोडी होती. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी काळपट मुळी. रानातल्या झुडपाची आहे, असं लालबागच्या पूजासामानवाल्याने सांगितलं होतं. गावचा धाकटा भाऊ दत्ताराम फोनवर रडकुंडीला आला होता. उंदरांनी बांध पोखरले, भाताच्या लोंब्या कातरून नेल्या, यंदा पदरात काही पडेलसं दिसत नाही, म्हणाला. त्याच्या शेताला बरकत यावी म्हणून बाईंनी घोडपदेवच्या खोलीत ही पूजा मांडली आणि मंगळवार धरले. मीठसुद्धा वर्ज्य.

लेक अक्षता परळला जनावरांच्या इस्पितळात नोकरीला. त्या मंगळवारी डबी उघडी दिसली आणि तिने ती उजेडात धरून निरखली.

"आई, ही मुळी नाही गं. घोरपड आहे."

"काहीतरीच. देवासमोर तरी नीट बोल."

नर घोरपडीच्या अंगाचा तुकडा आहे, अक्षता म्हणाली. कुठला, ते सांगताना तिचीच मान खाली गेली. मारतात, कापतात, वाळवून मुळी म्हणून विकतात. घोरपडी संपत चालल्यात. हे घरात ठेवणंही गुन्हा, वनखात्यात नेऊन द्यावं लागेल. आणि शेतातले उंदीर खाते ती हीच, हे तिने अगदी हळू सांगितलं.

शेवंतीबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. याच बोटांनी रोज कुंकू वाहिलं. उपास करून, मांसाला.

त्यांनी गावी फोन लावला. दत्ताराम आधी हसला, "बाये, तुझो देव आता घोरपड खाता काय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "गेल्या वर्सा घोरपडी धरूक माणसा इली होती. बांधातली बिळा मीच दाखवलंय. कोंबडेची अंडी खायत, म्हटला पीडा गेली. आता एक दिसणा नाय."

बाई त्याला रागावल्या नाहीत. त्याने बीळ दाखवलं, आपण डबी भरली.

हत्थाजोडी अक्षताच्या हवाली करून त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. देवांना शिवल्या नाहीत; दिवाही लेकीलाच लावायला सांगितला. संध्याकाळी शेजारची सीमा हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली, तेव्हा मला सुतक आहे गं, म्हणाल्या.

"अगं बाई. कोण गेलं, काकू?"

"माहेरचं," शेवंतीबाई म्हणाल्या.