गुडघे-तपासनीस आणि गोधडीचा चौथा थर

माणूस घरदार सोडून मोकळ्या रस्त्याला लागतो, तेव्हाच त्याला स्वातंत्र्य म्हणजे काय ते उमगतं. आम्ही घरदार सोडलं ते घरदारासकट. आमच्या घरगाडीत पलंग होता, शेगडी होती, बेसिन होतं, संडास होता आणि कापडाच्या तुकड्यांनी भरलेल्या अकरा पिशव्या होत्या. पिशव्या पलंगाखाली मावेनात, म्हणून माझे बूट टपावर बांधले.

मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. बायको भूमितीची निवृत्त शिक्षिका. तिनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना त्रिकोण काढायला लावले. आता ती स्वतः कापडाचे त्रिकोण कापते आणि त्यांच्या गोधड्या शिवते. कामाची वाटणी सरळ होती. मी गाडी चालवायची, तिनं मागच्या बैठकीवर बसून शिवायचं. वळण आलं की मी "वळण!" म्हणून ओरडायचो आणि ती सुई वर धरायची. एका घाटात ती पाऊण तास सुई वर धरून पुतळ्यासारखी बसली. तेव्हापासून आम्ही रस्ता निवडतो तो सरळपणा बघून. लोक दऱ्या आणि धबधबे बघून येतात. आम्ही गोदामांच्या मागच्या बाजू पाहिल्या. भरपूर पाहिल्या.

शिवताना तिला कानावर काहीतरी पडत राहावं लागतं, आणि ते जग बुडाल्यानंतरचंच असावं लागतं. गाणी लावली तर सुई पेंगते. विनोदी काही लावलं तर बोटात घुसते. पण जुलमी सरकार, पाळत, उपासमार असं काही सुरू झालं की तिच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि हात भराभर चालू लागतो. त्या महिन्यातलं ऑडिओबुक बासष्ट तासांचं होतं. त्यातल्या देशात बसायला बंदी होती. जन्मल्यापासून मरेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. रोज सकाळी गुडघे-तपासनीस घरोघर फिरायचा आणि विजारीला गुडघ्यामागे चुण्या दिसल्या की त्या माणसाला तुरुंगात टाकायचा. तुरुंगातही उभंच. नायिका होती एक सुतारीण. ती तळघरात चोरून स्टुलं बनवायची.

"किती भयंकर हो!" बायको दोन उशांना टेकून म्हणायची.

हा सगळा खटाटोप एका प्रदर्शनासाठी होता. शनिवारी पाचच्या आत गोधडी सभागृहात जमा करायची. तिथलं पहिलं बक्षीस गेली चार वर्षं माझ्या वहिनींनाच मिळत होतं. वहिनी म्हणजे बायकोच्या थोरल्या जाऊबाई. गेल्या वर्षी त्यांनी बायकोच्या गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. टाके चांगले ऐसपैस आहेत. चष्मा लागत नाही."

हे वाक्य बायकोनं वर्षभर जपून ठेवलं होतं. भांडी घासताना ते मध्येच बाहेर यायचं. "ऐसपैस म्हणे!" आणि पातेलं आपटायचं. यंदा काही झालं तरी जाऊबाईंच्या वर नंबर लावायचाच, असं तिनं ठरवलं होतं.

टाके मोजणं माझ्याकडे होतं. खात्याची स्टीलची पट्टी मी निरोप समारंभानंतर चुकून घरी आणली होती. इंचाला आठ टाके हवेत. पट्टी लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सरकारी फतवे वाचले जात असताना टाके आठ पडत. धाड पडली की सहा. सुतारीण आणि तिचा प्रियकर तळघरात पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले, तिथे तर इंचाला चारच पडले होते.

"हे उसवावं लागेल," मी म्हणालो.

"तुम्हाला भावना म्हणून काही आहेत का?"

"आहेत. इंचाला चार."

मग आम्ही नियम केला. धाडी आणि प्रेम भाजी चिरताना ऐकायचं, फतवे शिवताना. भाजीचे तुकडे त्यानंतर बरेच मोठे आले, पण त्याला कोणी बक्षीस देत नव्हतं.

शनिवारी तीन वाजता आम्ही सभागृहाच्या वाहनतळावर गाडी लावली. गोधडीची एक कड शिवायची राहिली होती आणि कादंबरीची दोन प्रकरणं. बायको अजून गाऊनवरच होती. जमा करायला जाताना कपडे बदलू म्हणाली. गोधडी मांडीवर पसरून ती कामाला लागली. वेळ नव्हता, म्हणून नियम मोडून प्रकरण लावलं. सुतारीण कोरड्या विहिरीत लपली होती. वर तपासनिसाच्या बुटांचा आवाज. बायको श्वास रोखून शिवत होती. मीही चहाचा कप तोंडापाशी धरून तसाच उभा होतो.

चार वाजून दहा मिनिटांनी तिनं दोरा तोडला. "झाली!"

मी पट्टी लावली. इंचाला नऊ! शेवटपर्यंत नऊ. भीतीनं तिचा हात पहिल्यांदाच आखडला होता.

"अगं, नऊ!"

"ऐसपैस म्हणे!" असं म्हणून ती रुबाबात उठली. म्हणजे उठायला गेली. ती उठली नाही. बैठकीची गादी थोडी वर आली आणि तिला घेऊन पुन्हा खाली बसली.

गोधडीला तीन थर असतात: वर तुकडे, मध्ये कापूस, खाली अस्तर. आमच्या गोधडीला चौथा थर होता गाऊनचा आणि पाचवा गादीच्या खोळीचा. इंचाला नऊ टाक्यांनी, हातभर लांब.

"गाऊन कापू या?" मी विचारलं.

"आणि गोधडीला गाऊनची शेपटी लोंबत ठेवू?"

"मग गादी उचलून तुला तशीच आत नेऊ."

"तुम्ही गप्प बसा हो. उसवायची सुई द्या."

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न पाहता वहिनी आत आल्या. त्यांच्या काखेत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली त्यांची गोधडी होती. त्या ती नेहमी पाचला दहा कमी असताना जमा करतात, म्हणजे तोवर सगळे जमलेले असतात.

"म्हटलं, बघावं आमच्या धाकटीची तयारी कुठवर आलीय," त्या म्हणाल्या. मग वाकून बघितलं. चष्मा लावून बघितलं. "अगं बाई. तू स्वतःलाच लावलीस की काय प्रदर्शनात?"

"हसा ताई, हसा."

"हसत नाहीये गं. टाके बघतेय." त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "बारीक आहेत मेले."

बायकोच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता आणि ती उठून उभी राहू शकत नव्हती. वहिनींनी आपली गोधडी शेगडीवर ठेवली, गादीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि माझ्याकडे हात केला. "भाऊजी, मलाही एक सुई द्या. ही एकटी उसवत बसली तर सोमवार उजाडेल. आणि मी जिंकले तर लोक म्हणतील, हरणारी बांधून ठेवली होती."

दोघी उसवायला लागल्या. बायकोचा हात मात्र चालेना.

"ते लावा ना," ती मला म्हणाली. मी शेवटचं प्रकरण लावलं. घड्याळाकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

"काय हे मेलं? बसायला बंदी?" वहिनी म्हणाल्या. "लोक ऐकतात तरी काय!"

दोन मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हा बुटांवाला कोण?"

"गुडघे-तपासनीस."

"आणि ही विहिरीत का?"

"स्टुलं करते, ताई."

"मग करू दे की! कोणाचं काय जातंय?" असं म्हणून त्यांनी रागानं चार टाके एका दमात उसवले.

तपासनीस विहिरीत उतरला. सुतारीण आणि तो समोरासमोर. मध्ये एक स्टूल. तो अटकेचा हुकूम वाचायला लागला; वाचता वाचता त्याचे गुडघे थरथरू लागले.

"बस रे बाबा," वहिनी पुटपुटल्या. "बस. कोणी बघत नाहीये."

"नाही बसणार," बायको म्हणाली. "याच्या बापानं कायदा केलाय."

"वय झालंय गं त्याचं. माझे गुडघे विचार मला."

दोघींच्या सुया हवेत थांबल्या होत्या. तपासनिसानं स्टुलाला हात लावला. मागे घेतला. पुन्हा लावला. मग वाचणाऱ्यानं मोठा श्वास घेतला, आम्ही तिघांनीही घेतला, आणि तपासनीस बसला.

"बसला! मेला बसला!" वहिनींनी बायकोच्या पाठीत एक धपाटा घातला. बायको आनंदानं उठून उभी राहिली. शेवटचे टाके तटातटा तुटले, गादी जागेवर राहिली, गोधडी तिच्या हातात आली. अस्तर कुठेही फाटलं नव्हतं.

मी घड्याळ बघितलं. सव्वापाच झाले होते. मी ते पाऊण तास बघितलंच नव्हतं.

दोघी तशाच धावल्या, एक गाऊनवर, गोधडीची उसवलेली कड मुठीत धरून. दारातल्या बाईंनी कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली होती. वहिनींनी आपली चार बक्षिसं सांगितली. बाई म्हणाल्या, "पाच म्हणजे पाच."

गाडीत शिरल्यावर वहिनी बैठकीवर बसल्या, दोन्ही गोधड्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, याचा दुसरा भाग आहे का?"

आहे. अठ्ठावन्न तासांचा आहे.

त्या वर्षी पहिलं बक्षीस एका दंतवैद्याला मिळालं. त्यानं गोधडी मशीनवर शिवली होती.