पंधरावी काठी

मित्रांनो, साम्राज्ये उभी राहतात आणि कोसळतात ती माणसांमुळे नव्हे, तर माणसांच्या हातातल्या शस्त्रांमुळे. इतिहासाचे कोणतेही पान उलटा, त्यामागे लखलखते पोलाद दिसेल. मीही पोलादच आहे. मी एक जुना पटर आहे. पटर म्हणजे गोल्फमधली सर्वांत आखूड काठी. बाकीच्या काठ्या चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून भिरकावतात. मी तो दोन पावलांवरच्या खळग्यात हलकेच ढकलतो. माझ्या डोक्याचे वजन दोन मध्यम कांद्यांइतके आहे. तेव्हा साम्राज्याचे फारसे मनावर घेऊ नका.

गोल्फ समजायला सोपा आहे. मोठ्या कुरणात अठरा खळगे असतात. प्रत्येकात चेंडू घालायचा आणि एकूण फटके ज्याचे कमी, तो जिंकला. कमी काम करणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कचेऱ्या पुष्कळ आहेत; ते उघडपणे मान्य करणारा खेळ मात्र मला हा एकच माहीत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो, घासलो गेलो. घासणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरून "हं" म्हटले. ती माझी पहिली स्तुती. तो प्रत्येकालाच "हं" म्हणतो, हे नंतर कळले.

दुकानात मला मालकांनी उचलले. ते नुकतेच व्यावसायिक खेळाडू झाले होते. म्हणजे तोवर ते हरले की घरचे हळहळत. आता हरले की घरच्यांचा स्वयंपाकच अडणार होता. त्यांनी गालिच्यावर चेंडू ढकलून पाहिला. तो चुकला.

"गालिचा वाकडा आहे साहेब," दुकानदार म्हणाला.

मालकांना हे स्पष्टीकरण इतके पटले की त्यांनी मला तिथल्या तिथे विकत घेतले.

पुढची काही वर्षे चांगली गेली. एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या खळग्यावर चेंडू बराच लांब होता आणि हिरवळ तिरकी होती. मालकांनी मला हलवले, चेंडू वळत वळत गेला आणि आत पडला. लोक ओरडले. मालकांनी माझ्या डोक्याचा मुका घेतला. मला काही वाटले नाही. पोलादाला काही वाटत नसते, हे आताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज व्हायला नको.

त्या काळात मी हॉटेलात पलंगावर झोपत असे, मालकांच्या उजव्या हाताशी. मालकीणबाई अगदी कडेला.

"अहो, त्याला पांघरूण घालू का?" त्या विचारत. "उगीच सर्दी व्हायची."

मालकांची पिशवी मालकीणबाईंचा धाकटा भाऊ वाही. काठ्या पुसणे, वारा कुठून आहे ते सांगणे आणि हरल्यावर गप्प बसणे, एवढे त्याचे काम. पहिली दोन कामे तो उत्तम करी.

मग मालकांच्या मनगटाला उचकी लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. दोन पावलांवरचा चेंडू, समोर खळगा, आणि ढकलायच्या क्षणी मनगट उगीचच दचके. चेंडू खळग्याच्या काठाने जाऊन पलीकडे थांबे. तिथे गालिचा नव्हता. म्हणून दोष माझ्यावर आला. मी गाडीच्या डिकीत गेलो, तिथून कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे.

माझ्या जागी नवे पटर येत गेले. एकाचे डोके पाव भाजायच्या यंत्राएवढे होते. दुसरा छातीपर्यंत उंच.

"भाऊजी, घ्याच हा," मेव्हणा म्हणाला. "स्पर्धा नाही जिंकली तरी जळमटं निघतील."

मालक पूर्वी अशा बोलण्यावर हसत किंवा चिडत. आता ते नुसते पाहत. हळूहळू त्यांचा चेहरा माझ्यासारखा झाला. हरून घरी आले की बूट काढत, पाणी पीत आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा जिना बघत बसत.

"वाईट वाटतंय का?" मालकीणबाई विचारत.

"नाही गं. काहीच वाटत नाही."

"मग आदळआपट तरी करा. ती कपबशी फोडा. नाहीतरी कानच तुटलाय तिचा."

"कशाला?"

त्या कपाट उघडून इस्त्रीचे टेबल काढत, तेव्हा मला त्यांचे डोळे दिसत. ते ओले असत. मी काय करणार?

मित्रांनो, या धंद्यात वर्षअखेरीस क्रमवारीत एक रेघ ओढतात. रेघेच्या वरचे पुढच्या वर्षी खेळतात, खालचे घरी बसतात. त्या वर्षी मालक बरोबर रेघेवर लोंबकळत होते. शेवटची स्पर्धा आमच्याच शहरात होती. तिचा शेवटचा दिवस उजाडला. मेव्हण्याने न्याहारीआधीच पिशवीतल्या काठ्या मोजल्या. नियमाने चौदाच नेता येतात. चौदा भरल्या. त्यानंतर मालकीणबाईंनी मला कपाटातून काढले आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले.

"हा राहू दे बरोबर," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मला बरं वाटावं म्हणून. तुमचं नका विचारू."

सरावाच्या हिरवळीवर मालकांनी एकदा नवा पटर घेतला, एकदा मला. असे बराच वेळ चालले. माझ्या वेळी मनगट दचकले नाही. का, ते मला विचारू नका. मी तोच होतो. मग मालकांचे नाव पुकारले गेले. घाईत आम्ही दोघेही पिशवीत गेलो.

"मोजल्यास ना?" मालकांनी विचारले.

"मोजल्या भाऊजी. चौदा."

तो खरेच बोलत होता. मोठे घोटाळे बहुधा असेच होतात.

पहिल्या खळग्यावर मालकांनी मला काढले आणि चेंडू लांबून आत गेला. दुसऱ्यावरही तेच. मेव्हणा शीळ घालू लागला. तिसऱ्या खळग्यासाठी मोठी काठी काढताना त्याचा हात पिशवीतच थांबला. शीळही थांबली.

"भाऊजी," तो पुटपुटला, "पटर दोन आहेत."

मालकांनी वाकून पाहिले. जोडीचा खेळाडू दूर उभा राहून नाक शिंकरत होता. पंच त्याहून दूर होते. नव्या पटरवर टोपडे होते. कोणाला छत्रीसुद्धा वाटली असती.

"कोणी पाहिलं नाही," मेव्हणा म्हणाला. "मी लघवीला जातो आणि झुडपात ठेवून येतो. सगळं वर्ष आहे यात, भाऊजी. ताईला काय सांगू मी?"

 मालकांनी हात वर करून पंचांना बोलावले.

"माझ्याकडे पंधरा काठ्या आहेत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

प्रत्येक खळग्याला दोन फटके दंड, म्हणजे चार. पंचांना त्यांच्याहून जास्त वाईट वाटले असावे. ते दोनदा "माफ करा" म्हणाले. एक पटर बाद करायचा होता. मालकांनी नवा बाद केला.

उरलेला दिवस मी त्यांच्या हातात होतो. कित्येक वर्षांत ते इतके चांगले खेळले नव्हते. चेंडू लांबून पडत होते, जवळून पडत होते, एकदा तर पानाला अडखळूनही पडला. शेवटचा पडला तेव्हा टाळ्याही वाजल्या. मग क्रमवारी लागली. मालक रेघेच्या खाली होते, तीन फटक्यांनी. दंड चारचा होता. हे गणित तुम्हाला जमेल.

मेव्हणा पिशवीवर डोके ठेवून हुंदके देत होता. मालक मला मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"गेलं," ते म्हणाले.  मग त्यांचा आवाज फाटला. "अगं, वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय मला."

"खरंच?" मालकीणबाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"खरंच गं."

"या मग घरी," त्या म्हणाल्या. "मी जेवायची थांबते." त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मला सांगता येणार नाही.

माझ्या डोक्यावर दोन थेंब पडले. मला काही वाटले नाही, पण मालकांनी ते बाहीने लगेच पुसले.

आता मालक एका मैदानावर शिकवतात. शिकणारे बहुतेक पेन्शनर, आणि शनिवारी मुले. चेंडू खळग्याच्या काठावरून परतला की मालक शिकणाऱ्याहून मोठ्याने हळहळतात. मी भाड्याच्या काठ्यांच्या पिपात उभा असतो. मुले मला घेऊन तलवारबाजी करतात, एक आजोबा पाठ खाजवतात.

मित्रांनो, आयुष्यात मुके मिळाले आणि इस्त्रीच्या टेबलामागची जागाही मिळाली. त्यावरून तुम्हाला काही थोर सांगावे, ज्याने आपले काम केले त्याला जपा, हातातल्या वस्तूला आणि हात धरणाऱ्या माणसाला, असे काहीतरी, अशी माझी फार इच्छा होती. पण सध्या लक्ष लागत नाही. गेल्या शनिवारी कोणीतरी माझ्या बुडाला च्युइंगगम चिकटवला आहे. ज्याने चिकटवला असेल त्याने तेवढा काढावा. नाव विचारणार नाही.